जीवसृष्टीचे मूळ आणि राजकीय मत: आधी श्रद्धा की आधी पक्ष?

अर्धविराम (प्रश्न)

गेले काही महिने आम्ही आठ जण दर पंधरा दिवसांनी एकत्र बसून विज्ञानातील एकेका विषयावर वाचन करतो. मागच्या दोन बैठकींचा विषय होता, पृथ्वीवर जीव प्रथम कसा निर्माण झाला. सुरुवात १९५३ मधील स्टॅन्ली मिलर आणि हॅरॉल्ड युरी यांच्या प्रयोगाने झाली. मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या सोडत राहिल्यावर काही दिवसांतच त्यात अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिने ज्यांपासून बनतात ते घटक, सापडली, एवढी माहिती सांगून होईपर्यंत सगळे शांत होते. मग एक सदस्य म्हणाले की अमिनो आम्ले म्हणजे विटा आहेत आणि विटांचा ढीग पडला म्हणून घर उभे राहत नाही. त्यावर दुसऱ्यांनी सुनावले की घर बांधणारा कोण असे विचारणे म्हणजे देवाला मागच्या दाराने आत घेणे आहे. पुढच्या पाऊण तासात जीवोत्पत्ती बाजूला पडली आणि शाळेत धर्माला स्थान असावे का, सरकारने कोणाला किती आधार द्यावा, अशा मुद्द्यांवर आवाज चढले.

आवाज चढल्याचे मला विशेष वाटले नाही. विशेष वाटले ते हे, की कोण कोणत्या बाजूने बोलेल ते मी बैठकीआधीच कागदावर लिहून देऊ शकलो असतो. सर्वांची राजकीय मते मला ठाऊक आहेत आणि तेवढ्यावरून माझा अंदाज सातपैकी सहा जणांच्या बाबतीत बरोबर ठरला असता. जीवसृष्टीच्या अस्तित्वाच्या सर्वाधिक जुन्या खुणा सुमारे साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात. त्याआधी रसायनांचे काय झाले असेल याविषयीचे माणसाचे मत त्याने मतदान कोणाला केले यावरून ओळखता यावे, हे मला चमत्कारिक वाटते.

स्वतःला वगळून बोलत नाही. मी निरीश्वरवादी आहे. महाविद्यालयात असताना मिलर यांच्या प्रयोगाविषयी प्रथम वाचले तेव्हा मला अतोनात आनंद झाला होता. आज मागे वळून पाहतो तेव्हा जाणवते की तो आनंद रसायनशास्त्रातील शोधाचा नव्हता, आपला पक्ष जिंकल्याचा होता.

तेव्हा प्रश्न असा: ईश्वराविषयीची किंवा सृष्टीविषयीची श्रद्धा आधी तयार होते आणि तिच्यातून राजकीय मत निघते, की माणूस आधी एखाद्या गटात सामील होतो आणि जीवोत्पत्तीविषयीचे त्या गटाचे मत ओघाने उचलतो? शिवाय या दोहोंत खरोखर काही तार्किक नाते आहे, की नुसताच शेजार आहे?

पानगळ

प्रश्न चांगला आहे, पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. जीवसृष्टीच्या उगमाविषयी अमुक मत असणाऱ्याचे राजकारण तमुक असते, अशी जोडी कायमची ठरलेली आहे असे आपण धरून चालतो. इतिहासात डोकावले तर ही जोडी दर दोन पिढ्यांनी मोडून नव्याने बांधलेली दिसते.

सर्वांना माहीत असलेलेच उदाहरण घेतो, कारण ते बहुतेकदा अर्धवट सांगितले जाते. १९२५ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्याने सरकारी शाळांत मानवाची उत्क्रांती शिकवण्यास बंदी करणारा कायदा केला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये डेटन या गावात जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकावर खटला चालला. सरकारी बाजूने उभे राहिले होते विल्यम जेनिंग्ज ब्रायन. आज या खटल्याची गोष्ट सांगताना ब्रायन यांना कर्मठ, प्रतिगामी म्हातारा असे रंगवण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात ते तीन वेळा डेमोक्रॅटिक पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते, कर्जबाजारी शेतकऱ्यांची बाजू मांडत त्यांनी मोठ्या बँकांशी वैर घेतले होते, स्त्रियांच्या मताधिकाराला त्यांचा पाठिंबा होता आणि देश महायुद्धाकडे ओढला जात आहे असे वाटल्यावर त्यांनी १९१५ मध्ये परराष्ट्रमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. त्यांच्या समकालीनांच्या मोजपट्टीने ते पुरोगामीच ठरत. उत्क्रांतीला त्यांचा विरोध होता त्यामागे बायबल होते हे खरे, पण त्याच्या जोडीला एक भीती होती: बळी तो कान पिळी हाच निसर्गाचा नियम आहे असे एकदा मुलांच्या मनात ठसले, की दुबळ्यांचे रक्षण करण्याचे कारणच उरणार नाही. जर्मन लष्करशाहीच्या मुळाशी हाच विचार आहे अशी त्यांची समजूत होती.

ती भीती अगदीच निराधार नव्हती. ज्या पाठ्यपुस्तकावरून हा खटला उभा राहिला, त्यातच मानववंशांची श्रेष्ठ-कनिष्ठ अशी उतरंड दिलेली होती आणि 'सदोष' मानल्या गेलेल्या माणसांच्या प्रजननाला आळा घालण्याची भलामणही होती. पुढे दोनच वर्षांनी, १९२७ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनिया राज्याचा सक्तीच्या नसबंदीचा कायदा वैध ठरवला. नऊपैकी आठ न्यायाधीश एका बाजूला होते. विरोधात एकटे पिअर्स बटलर होते आणि त्या पीठावरील ते एकमेव कॅथलिक होते. आपल्या विरोधाचे कारण त्यांनी निकालपत्रात लिहिले नाही, त्यामुळे त्याचे श्रेय त्यांच्या धर्माला देताना जपूनच बोलावे लागते. तरीही तीन वर्षांनी पोप अकरावे पायस यांनी सक्तीच्या नसबंदीविरुद्ध जाहीर भूमिका घेतली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. म्हणजे आज ज्या प्रकरणात 'विज्ञान विरुद्ध अंधश्रद्धा' एवढेच आपल्याला दिसते, त्यात त्या काळी दुबळ्यांच्या बाजूने कोण उभे होते हा प्रश्न विचारला, तर उत्तर सरळ येत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. नैसर्गिक निवडीला गणिताची बैठक देण्याचे श्रेय प्रामुख्याने तिघांना जाते: रोनाल्ड फिशर, जे. बी. एस. हॉल्डेन आणि सूअल राइट. फिशर श्रद्धाळू अँग्लिकन ख्रिस्ती होते, राजकीयदृष्ट्या सनातनी होते आणि सुप्रजननशास्त्राचे, म्हणजे कोणाला मुले व्हावीत आणि कोणाला होऊ नयेत हे ठरवून मानववंश 'सुधारण्या'च्या विचाराचे, कट्टर पुरस्कर्ते होते. हॉल्डेन निरीश्वरवादी आणि कम्युनिस्ट. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी भारतात काढली आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. राइट युनिटेरियन या उदारमतवादी पंथाचे होते. थिओडोसियस डोबझान्स्की यांचे नाव या यादीत जोडले तर रशियन ऑर्थोडॉक्स श्रद्धाही आली. या सर्वांची समीकरणे एकमेकांना पूरक होती आणि त्यांच्या राजकारणाचा परस्परांशी काडीचाही मेळ नव्हता. समीकरणांतूनच राजकारण निपजत असते तर असे झाले नसते.

उत्क्रांतीच्याच कल्पनेच्या आधारे इंग्लिश तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर यांनी मुक्त स्पर्धेचे समर्थन केले, तर सायबेरियातील प्राण्यांचे वर्षानुवर्षे निरीक्षण केलेल्या रशियन अराजकतावादी क्रोपोटकिन यांनी १९०२ मध्ये त्यातूनच परस्पर सहकार्याचा आणि राज्यसंस्थेच्या विसर्जनाचा पुरस्कार काढला. डार्विन यांना प्राण्यांत आणि वनस्पतींत इंग्लंडमधला स्पर्धेने बुजबुजलेला समाजच दिसला, अशी टिप्पणी मार्क्स यांनी १८६२ मध्ये एंगेल्स यांना लिहिलेल्या पत्रात केली होती. ती टिप्पणी करणाऱ्यांनाही लागू पडते, ही त्यातली गंमत.

तेव्हा माझे उत्तर असे की तार्किक नाते जवळजवळ नाही. जे नाते आहे ते भीतीचे आहे. अमुक सिद्धान्त लोकांनी मानला तर समाजात काय माजेल, याची प्रत्येकाच्या मनात एक कल्पना असते आणि सिद्धान्ताची छाननी त्या कल्पनेच्या उजेडात होते.

निरंक

वरील प्रतिसादात इतिहास आला आहे. मी मोजमापाकडे येतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानातर्फे सर्वसामान्य नागरिकांच्या विज्ञानविषयक ज्ञानाची पाहणी वर्षानुवर्षे होत आली आहे. तिच्यात एक विधान असे असते: आजचा मानव पूर्वीच्या प्राणिजातींपासून विकसित झाला, बरोबर की चूक? २०१२ मध्ये हे विधान दोन प्रकारे विचारून पाहिले गेले. जसेच्या तसे विचारले तेव्हा ४८ टक्के लोकांनी 'बरोबर' असे उत्तर दिले. विधानाच्या आरंभी 'उत्क्रांतीच्या सिद्धान्तानुसार' एवढे शब्द जोडले तेव्हा हेच प्रमाण ७२ टक्क्यांवर गेले. या २४ टक्क्यांच्या फरकाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. सिद्धान्त काय म्हणतो हे या लोकांना पुरते ठाऊक होते. पहिल्या प्रश्नात मात्र त्यांना 'तुम्ही कोण आहात' असे विचारल्यासारखे वाटले आणि त्यांनी त्या प्रश्नाचे उत्तर दिले. परीक्षेत मिळालेले शून्य आणि शपथेवर दिलेला नकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण बहुधा दुसरीला पहिली समजतो.

येल विद्यापीठातील डॅन काहान यांनी हाच धागा पुढे नेला. त्यांच्या मांडणीनुसार माणूस वैज्ञानिक पुराव्याकडे अनेकदा आपल्या गटातील स्थान सांभाळण्याच्या दृष्टीने पाहतो. उत्क्रांतीविषयी मी काय मानतो याने जगात काहीच बदलत नाही, पण माझ्या घरातले, प्रार्थनेला सोबत येणारे किंवा पक्षातले लोक मला आपला मानतात की नाही हे त्यावर ठरू शकते. या हिशेबाने पाहिले तर गटाबरोबर राहणे हा मूर्खपणा नाही, व्यवहार आहे. यातून एक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे येते: ज्या प्रश्नांना गटाची खूण चिकटली आहे, त्यांवर विज्ञानाचे ज्ञान आणि आकडेमोडीची क्षमता वाढली की मतभेद कमी होण्याऐवजी अनेकदा रुंदावतात. हुशार माणसाला आपल्या बाजूची कारणे अधिक सफाईने शोधता येतात, एवढाच फरक पडतो. अर्धविराम यांच्या बैठकीतील सगळे वाचणारे आहेत. तिथे अंदाज इतका अचूक ठरला यात मला नवल वाटत नाही.

मात्र 'आधी पक्ष, मग मत' हे सूत्र सरसकट लावू नये. गॅलप संस्था १९८२ पासून अमेरिकेत मानवाच्या उगमाविषयी एकच प्रश्न विचारत आली आहे. देवाने मानवाला गेल्या दहा हजार वर्षांत आजच्याच रूपात निर्माण केले, असे मानणारे १९८२ मध्ये ४४ टक्के होते, २०२४ मध्ये ३७ टक्के. देवाचा यात काहीच भाग नव्हता असे म्हणणारे ९ वरून २४ टक्क्यांवर गेले. या काळात पक्ष तेच राहिले आणि धर्माशी असलेले लोकांचे नाते सैल होत गेले. तेव्हा श्रद्धेचे स्वतःचे वजन आहेच. ते किती, हे कोणत्या देशाविषयी बोलतो त्यावर अवलंबून आहे.

अर्धविराम

दोघांचेही आभार. 'शपथेवर दिलेला नकार' हे मला पटले, पण एक शंका उरते. मानवाच्या उत्क्रांतीला गटाची खूण चिकटली आहे हे समजू शकते, कारण तो प्रश्न शाळेत आणि न्यायालयात शंभर वर्षे गाजतो आहे. पहिला जीव कसा झाला याचे उत्तर तर अजून कोणापाशीच पूर्ण नाही. जिथे सर्वमान्य उत्तरच नाही, तिथे गट कशाभोवती जमतो?

शंखशिंपले

मी श्रद्धावान आहे आणि पदवीच्या वर्गांना जीवशास्त्र शिकवते. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचे वाचताना ज्यांना वजनात घट धरायची असेल त्यांना ती धरता येईल.

तुमच्या शंकेला उत्तर म्हणून एक जुना वाद आठवतो. फ्रान्समध्ये १८५९ च्या सुमारास फेलिक्स पुशे यांनी असे मांडले की निर्जीव द्रव्यातून सूक्ष्मजीव आपोआप निर्माण होतात. लुई पाश्चर यांनी त्याविरुद्ध प्रयोग केले. बाकदार मानेच्या चंबूत उकळलेला द्रव वर्षानुवर्षे नासत नाही, हे त्यांनी दाखवले, आणि विज्ञान अकादमीचे पारितोषिक १८६२ मध्ये त्यांना मिळाले. पाठ्यपुस्तकातली गोष्ट इथे संपते. पुढची गोष्ट अशी की १८६३ मध्ये पुशे आणि त्यांचे दोन सहकारी पाश्चर यांच्या पद्धतीने चंबू घेऊन पिरेनीज पर्वतावर चढले, आणि त्यांच्या सर्व चंबूंत जीव वाढले. पाश्चर यांचे चंबू यीस्ट आणि साखरेच्या पाण्याचे होते; पुशे यांचे वाळलेल्या गवताच्या काढ्याचे. गवतातील काही जीवाणूंचे बीजाणू उकळल्यानंतरही जिवंत राहतात, हे फर्डिनंड कोन यांनी १८७६ मध्ये दाखवले. म्हणजे पुशे यांचे निरीक्षण खरे होते, निष्कर्ष चुकीचा होता. पण अकादमीने ते निरीक्षण तपासून पाहण्याची फारशी तसदी घेतली नाही.

का घेतली नाही, याचे एक कारण प्रयोगशाळेबाहेर आहे. तो फ्रान्समधील दुसऱ्या साम्राज्याचा, म्हणजे तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीचा काळ होता. १८६२ मध्ये क्लेमांस रॉये यांनी डार्विन यांच्या ग्रंथाचा फ्रेंच अनुवाद केला आणि त्याला धर्मसंस्थेवर कोरडे ओढणारी प्रस्तावना जोडली. तेव्हापासून आपोआप होणारी जीवोत्पत्ती, उत्क्रांती, जडवाद (द्रव्याखेरीज जगात काही नाही हे मत) आणि प्रजासत्ताकवाद अशी एक माळच लोकांच्या मनात ओवली गेली. पाश्चर यांनी १८६४ मध्ये सोर्बोन येथे दिलेल्या प्रसिद्ध व्याख्यानात प्रथम हे सांगितले की द्रव्य स्वतःच सजीव होऊ शकत असेल तर जडवादाचा तो केवढा विजय ठरेल, आणि मग लगेच हेही सांगितले की या प्रश्नात धर्म किंवा निरीश्वरवाद यांचा काही संबंध नाही. माणूस ज्याचा संबंध नाही असे आवर्जून सांगतो, त्याचा संबंध बहुधा त्याच्या डोक्यात असतो. विशेष म्हणजे पुशे हेही देव मानणारे होते. द्रव्यातून जीव निघतो तो ईश्वरी योजनेनुसारच, असे त्यांचे म्हणणे होते. पण माळेत ओवलेल्या मण्याला तू कोणाचा असे कोणी विचारत नाही.

आता गंमत पाहा. त्या काळी आपोआप जीवोत्पत्ती होत नाही हे धर्माच्या सोयीचे होते. पुढे १९२४ मध्ये रशियात जीवरसायनशास्त्रज्ञ ओपारिन आणि १९२९ मध्ये इंग्लंडमध्ये हॉल्डेन यांनी आदिम पृथ्वीवर रसायनांतून जीव घडला असावा अशी मांडणी केली तेव्हा दोघेही जडवादी होते, आणि ही कल्पना त्यांच्या तत्त्वज्ञानाच्या सोयीची होती. तरीही ती कल्पना फलदायी ठरली. तेव्हा एखाद्याने मत सोयीने स्वीकारले एवढ्यावरून ते मत खोटे ठरत नाही. पाश्चर यांचेही ठरले नाही. उलट खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्यासारखे धर्माला न मानणारे शास्त्रज्ञ पृथ्वीवर जीव आपोआप होणे अशक्यप्राय आहे म्हणून तो अवकाशातून आला असे म्हणू लागले, तेव्हा कोणत्याच गटाला त्यांचे काय करावे ते कळेना.

म्हणून तुमच्या शंकेला माझे उत्तर हे, की उत्तर अपुरे असते तेव्हा गट उत्तराभोवती जमत नाही, रिकाम्या जागेभोवती जमतो. एकाला त्या जागेत देव दिसतो, दुसऱ्याला उद्याचे विज्ञान दिसते, आणि दोघेही आज हाती नसलेल्या गोष्टीविषयी खात्रीने बोलतात. वर्गात मी उत्क्रांती आणि जीवोत्पत्ती हे दोन तास वेगळे ठेवते. पहिल्या विषयात जीवाश्म, जनुके आणि शरीररचना यांचा पुरावा एकमुखी आहे. दुसऱ्यात दुवे आहेत, साखळी नाही. दोन्ही एकाच पिशवीत घातले की एकाच्या अपुरेपणाचा डाग दुसऱ्याला लागतो, आणि तो डाग लागावा अशी काहींची इच्छाही असते.

आणखी एक. 'श्रद्धावान' म्हटले की निर्माता मानणाराच, असे या चर्चेत धरले गेले आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त सृष्टीच्या उगमाचा प्रश्न उभा करते आणि जो सर्वांच्या वर आहे त्याला तरी हे ठाऊक आहे की नाही, या शंकेवर संपते. जैन परंपरेत विश्व अनादी आहे, त्याला कर्ता नाही. माझी श्रद्धा पेशी प्रथम कशी झाली या प्रश्नावर उभी नाही आणि तसे ती उभी करावी असे मला कधी वाटले नाही.

उलटतपासणी

चर्चा सभ्य आहे आणि नेमके तेच मला खुपते. 'दोन्ही बाजू सोयीने वागतात' हे वाक्य ऐकायला न्याय्य वाटते, पण त्याच्या आड एक महत्त्वाचा भेद लपतो: मत सोयीचे असणे वेगळे आणि गैरसोयीचे मत दाबण्याची सत्ता हाती असणे वेगळे.

शंखशिंपले यांनी ओपारिन यांचे नाव घेतले. त्यांच्याच देशात ऑगस्ट १९४८ मध्ये कृषी अकादमीच्या अधिवेशनात स्टालिन यांच्या मर्जीतले कृषितज्ज्ञ लिसेन्को यांनी जनुकशास्त्र बूर्झ्वा, म्हणजे भांडवलदारी, ठरवले आणि त्याचे अध्यापन-संशोधन बंद पडले. जगभरातून पिकांच्या बियाण्यांचा अफाट संग्रह करणारे निकोलाय वाविलोव्ह त्यापूर्वीच, १९४३ मध्ये, सारातोवच्या तुरुंगात मरण पावले होते. ओपारिन लिसेन्को यांच्या बाजूने उभे राहिले. हॉल्डेन, ज्यांना जनुकशास्त्र कोणाहूनही अधिक कळत होते, बराच काळ गुळमुळीत बोलत राहिले. हे देव न मानणाऱ्यांचे राज्य होते, त्यामुळे श्रद्धा सोडली की बुद्धी आपोआप मोकळी होते या समजुतीला इथे पूर्णविराम द्यावा.

दुसऱ्या टोकाला पेनसिल्व्हेनियातील डोव्हर गावाचा खटला आहे. तेथील शाळा मंडळाने 'बुद्धिमान रचना', म्हणजे जीवसृष्टी कोणा बुद्धिमान कर्त्याने घडवली, ही कल्पना उत्क्रांतीला पर्याय म्हणून विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याचे ठरवले आणि अकरा पालक न्यायालयात गेले. न्यायाधीश जॉन जोन्स यांची नियुक्ती रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी २००२ मध्ये केली होती. पालकांच्या बाजूने साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर आचरणाने कॅथलिक आहेत. डिसेंबर २००५ मधील १३९ पानांच्या निकालात न्यायाधीशांनी मंडळाचा निर्णय घटनाबाह्य ठरवला. पक्षावरून अंदाज बांधणाऱ्याचा इथे पराभव झाला, आणि तो का झाला हे पाहण्यासारखे आहे: न्यायालयात साक्षीदाराला उलटतपासणीला तोंड द्यावे लागते. स्वतःच्या लोकांत बसून बोलताना द्यावे लागत नाही.

आपल्याकडेही २०२३ मध्ये दहावीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. अभ्यासक्रमाचा भार कमी करण्यासाठी तसे केले आणि बारावीत तो विषय आहेच, असा खुलासा झाला. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रावर सह्या केल्या. यामागचा हेतू कोणता यावर इथे दोन गट सहज पडतील. मी एवढेच विचारतो की जो विद्यार्थी दहावीनंतर जीवशास्त्र घेणार नाही, त्याच्यापर्यंत ते बारावीचे प्रकरण कसे पोहोचणार? हा प्रश्न श्रद्धेचा नाही आणि पक्षाचाही नाही.

पानगळ

उलटतपासणी यांचा सत्तेचा मुद्दा मान्य; माझ्या पहिल्या प्रतिसादात तो यायला हवा होता. फक्त एक पुरवणी. स्कोप्स यांच्यावरील शिक्षा, म्हणजे शंभर डॉलरचा दंड, १९२७ मध्ये तांत्रिक कारणावरून रद्द झाली, पण टेनेसीचा तो कायदा १९६७ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात तसाच राहिला. खटला गाजला, देशभर थट्टा झाली आणि कायदा आणखी चाळीस वर्षे टिकला. न्यायालयात उलटतपासणी झाली की प्रश्न सुटतो, हेही जरा जपूनच म्हणावे.

अर्धविराम

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. आता न राहवून त्या सातव्या सदस्याविषयी लिहितो, ज्यांच्या बाबतीत माझा अंदाज चुकला असता. ते राजकारणात माझ्या नेमके विरुद्ध टोकाला आहेत आणि नित्यनेमाने पूजा करतात, म्हणून ते विटा आणि घर वाल्या बाजूला बसतील असे मी धरले होते. ते कोणत्याच बाजूला बसले नाहीत. आवाज चढण्यापूर्वी त्यांनी एकच गोष्ट विचारली होती: मिलर यांनी वापरलेले वायूंचे मिश्रण आदिम पृथ्वीवर खरोखर होते का? माझ्या टिपणवहीत तो प्रश्न नोंदलेला आहे आणि त्याच्यापुढे मी लिहिले आहे, 'नेहमीचा आक्षेप'.

काल रात्री त्याविषयी वाचत बसलो. आदिम वातावरणात मिथेन आणि अमोनिया यांचे प्राबल्य होते हे गृहीत भूवैज्ञानिकांनी बऱ्याच अंशी सोडून दिले आहे. ज्वालामुखींतून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि वाफ बाहेर पडत असावी असे मानले जाते, आणि तशा मिश्रणात अमिनो आम्लांचे उत्पादन बरेच घटते. त्यावर उत्तरेही आहेत: समुद्रतळावरील उष्ण झरे आहेत, आणि १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या उल्केत अमिनो आम्ले सापडलीच आहेत. पण मुद्दा असा, की हा आक्षेप उत्क्रांतीचे विरोधक वारंवार वापरतात एवढ्याच कारणाने मी तो इतकी वर्षे ऐकूनही तपासला नव्हता.

त्यांना दूरध्वनी करून हे सांगितले. त्यांनी तीस वर्षे रसायनांच्या कारखान्यात काम केले आहे. ते म्हणाले की प्रक्रियेत कच्चा माल काय घातला हे विचारल्याशिवाय उत्पादनाविषयी बोलायची त्यांना सवय नाही, बाकी त्यांच्या मनात काही नव्हते. पुढच्या बैठकीचे टिपण त्यांनीच काढायचे असे ठरले आहे, आणि विषय तेवढाच ठेवला आहे: चारशे कोटी वर्षांपूर्वीच्या हवेत मिथेन किती होता.